पायाळूचा गुण

“उसण हाय. दुसरं काय न्हाई,” मामा म्हणाले आणि सोप्यातल्या खांबाला पाठ लावून वरखाली घासायला लागले.

मामा म्हणजे माझे सासरे, गुंडू सुतार. सकाळचे साडेआठ वाजले होते. समोरचा चहा त्यांनी तसाच ठेवला होता, आणि मामांनी चहा ठेवला म्हणजे नक्कीच काहीतरी बिनसलं होतं. मी जवळ जाऊन बघितलं. माघातली थंडी होती, अंगणातली शेकोटी अजून धुमसत होती, आणि यांच्या कपाळावर घाम. बंडी पाठीला चिकटलेली.

“नेमकं कुठं दुखतंय?”

“पाठीत. दोन्ही फऱ्यांच्या मदी. काल चौगुल्याची चौकट फिरवून ठेवली न्हवं, तवाच भरली असंल.”

“छातीत?”

“छातीत न्हाई दुखत. जरा जड वाटतंय, बास.”

“आणि मघापासून जबडा का चोळताय?”

“दाढ ठणकतीया.”

“डावा हात?”

“मुंग्या आल्यात. जलमभर खांद्यावर लाकूड वाहिलं, हाताला मुंग्या येतील न्हाई तर काय फुलं येतील?”

मी आत जाऊन रक्तदाबाचं मशीन आणलं. एकशे छत्तीसवर चौऱ्याऐंशी. मी आकडा मनात ठेवायला हवा होता, पण तोंडातून निघून गेला.

“बग,” मामा म्हणाले, “तुजं मशीनबी म्हणतंय काय झाल्यालं न्हाई.”

“मशीन तसं म्हणत नाही. हार्ट अ‍ॅटॅकमध्ये बीपी चांगलं असू शकतं. पाठ, जबडा, हात, घाम, सगळं एकदम आलंय. आत्ताच्या आत्ता तालुक्याला जाऊन कार्डिओग्राम काढायचा.”

“आज?” ते असे बघायला लागले, जणू मी त्यांना आजच्या आज काशीला चला म्हणाले होते.

मी तेव्हा वाडीच्या उपकेंद्रात नर्स होते. नोकरीला नऊ वर्षं झाली होती. आणि मी पायाळू आहे, म्हणजे आईच्या पोटातून माझे पाय आधी बाहेर आले. आमच्या कोल्हापूरकडच्या डोंगरी भागात पाठीत उसण भरली की पायाळू माणसाला बोलावतात. त्याने दुखऱ्या जागी तीनदा पाय लावला की उसण उतरते, असा समज. आता तुम्हीच बघा, लसीकरणासाठी मी दारोदार हिंडायचे, लोहाच्या गोळ्या घ्या म्हणून कानीकपाळी ओरडायचे, ते सगळं पालथ्या घड्यावर पाणी. पण पाठ धरली की उजाडायच्या आत माझ्या दाराची कडी वाजायची. माझ्या डोक्याला वाडीत कुणी विचारत नव्हतं. माझ्या पायाला मात्र मोठा मान होता.

मग मीही त्या पायाचं दुकान मांडलं. पाय हवा ना? आधी पोराला डोस पाजून आण. पाय हवा ना? मग सुनेचं बाळंतपण घरात करायचं नाही, शब्द दे. असे मी नऊ वर्षांत कितीतरी डोस पाजले आणि स्वतःला शहाणी समजत राहिले. उसण आपसूक उतरायची, श्रेय पायाला जायचं, मी गप्प बसायचे.

त्या दिवशी बंडू चौगुल्याच्या नव्या घराची चौकट बसायची होती. मुहूर्त अकरा वाजून दहा मिनिटांचा. फणसाच्या लाकडाची चौकट, दोन महिने खपून मामांनी घडवलेली, चार माणसांना हलायची नाही इतकी जड. आमच्याकडे चौकट उभी राहीपर्यंत मिस्त्री अन्न तोंडात घालत नाही, आणि ओळंबा लावून ती सरळ केल्याची खूण त्यानेच द्यायची असते.

“ही गोळी चावून खा,” मी अ‍ॅस्पिरिन पुढं केली.

“उपास हाय.”

“गोळी म्हणजे जेवण नव्हे, मामा!”

“च्याबिगर काय तोंडात गेलं की मोडलाच. चौकट बसली की खातो. ठेव तिथं.”

तेवढ्यात आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपुढून उठून आल्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि निकाल दिला, “वात धरलाय. वरच्या वाडीच्या गोदूकडं घेऊन जावा. तीबी पायाळूच हाय.”

“आत्ती, वरची वाडी म्हणजे अर्ध्या तासाचा चढ आहे! ह्यांनी आत्ता पाऊलसुद्धा टाकायचं नाही.”

“आनि घरातली पायाळू आसून काय कामाची? सुनेचा पाय सासऱ्याच्या अंगाला लागून कसं चालंल? नरकात जागा मिळायची न्हाई.”

“पायाचा विषयच नाही हा. काळजाचा आहे.”

“काळजाचं आसतं तर छातीत दुखलं आसतं. येवढंबी कळंना व्हय आमास्नी?”

सगळ्यांनाच छातीत कळ येत नाही, कुणाचं पाठीत दुखतं, कुणाचं जबड्यात, कुणाला नुसता घाम फुटतो आणि मळमळतं, हे मी आत्तींना सांगितलं, शेजारच्या हौसाकाकूंना सांगितलं. एव्हाना पाचसहा बायका दाराशी गोळा झाल्या होत्या, त्यांनाही सांगितलं. सगळ्यांनी माना डोलवल्या आणि हौसाकाकू म्हणाल्या, “व्हय बाई, खरं हाय. पर गोदूकडं न्यायला काय हरकत हाय?”

माझे मालक साखर कारखान्यात पहिल्या पाळीला गेले होते. त्यांना फोन केला तर लागला नाही. पावणेदहाला बंडू चौगुले त्याची ट्रॅक्स घेऊन मामांना न्यायला दारात आला. गाडी दारात! टाकीत डिझेल, चालवायला माणूस, तालुका सव्वीस किलोमीटर. माझा जीव भांड्यात पडला.

“बंडूदा, मामांना दवाखान्यात न्यायचंय.”

बंडू वाईट माणूस नव्हता. त्याने मामांकडे बघितलं. मामा त्याच्याकडे बघून हसले.

“उसण भरलीया रं. ही नर्सबाई घाबरलीया. चल, निगू.”

“गुंडूतात्या, बरं नसलं तर ऱ्हाऊ द्या. मुहूर्त काय…” बंडू बोलता बोलता अडखळला. घरात पन्नास पाहुणे, भटजी आलेला, आणि मुहूर्त पुन्हा दीड महिन्याने. “म्हंजे, पाठीचंच आसंल तर गोदूकडनं फिरवून आणतो. गाडी निम्म्यापतुर जाती. फुडं थोडकं चाललं की झालं.”

आणि मामा उठलेच. एक हात खांबाला, दुसरा गुडघ्यावर, चेहरा चुन्यासारखा. पायात वहाणा घालायला वाकले तेव्हा त्यांच्या तोंडून ‘आई गं’ निघालं. मामांच्या तोंडून मी ते पहिल्यांदाच ऐकत होते. चढ चढला तर हा माणूस परत येत नाही, हे मला समोर दिसत होतं, आणि ते फक्त मलाच दिसत होतं.

रागाने माझं डोकं भणभणलं. आणि त्या रागातच मला एक युक्ती सुचली. यांना माझं शास्त्र पटत नाही ना? मग यांच्याच शास्त्राने जाऊ. पायाळूचा पाय लागला की उसण उतरते. उतरली नाही, तर ती उसण नव्हे. सरळ हिशेब.

मी दारात आडवी उभी राहिले. “गोदूकडं जायचं नाही. मी लावते पाय.”

आता दहापंधरा झालेल्या बायकांमध्ये कुजबुज झाली. आत्तींनी पदर तोंडाला लावला. “उज्वले, येडी झालीस काय? सासरा हाय तुजा.”

“पाप लागलं तर मला लागू दे. पण माझी एक अट आहे. मामा, ऐकताय ना? पाय लावल्यावर कळ थांबली तर खुशाल चौकट बसवायला जा. नाही थांबली तर ती उसण नाही, हे सगळ्यांनी मान्य करायचं, आणि बंडूदाच्या गाडीतनं थेट तालुक्याला जायचं. मधे मुहूर्त नाही, उपास नाही. शब्द द्या.”

मामांनी पायातल्या वहाणा काढल्या. उभ्या जन्मात त्यांनी दिलेला शब्द मोडला नव्हता, हे वाडीला ठाऊक होतं आणि मलाही. त्याच भरवशावर मी बोलत होते.

“दिला,” ते म्हणाले.

आत्तींनी रडत रडत माझ्या पायांवर हळदीचं पाणी ओतलं. मामा घोंगडीवर पालथे झाले. हौसाकाकूंनी डोळे मिटून घेतले. मी उजवा पाय उचलला. लग्न झाल्यापासून ज्या माणसासमोर मी खुर्चीवर बसले नव्हते, त्याच्या घामेजल्या पाठीला मी तळवा लावला. एकदा. दोनदा. तीनदा. मनात म्हणत होते, लागू पडू नको, लागू पडू नको.

“थांबली?” मी विचारलं.

मामा उठून बसले. आधी आत्तींकडे बघितलं, मग दाराशी दाटलेल्या बायकांकडे, मग माझ्याकडे.

“थांबली,” ते म्हणाले. “पार उतरली.”

एकच गलका झाला. बंडूने हात जोडले. आत्तींनी माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. “बाई बाई, काय गुण म्हनायचा!” हौसाकाकू म्हणत होत्या.

“मामा, खरं सांगा.”

“खरंच. हलकं वाटतंय.”

त्यांच्या कपाळावरचा घाम अजून तसाच होता. मी तो बघितला. आणि आता जे सांगणार आहे ते मी माझ्या मालकांनाही कधी सांगितलेलं नाही. तो घाम बघूनही मला बरं वाटलं. नुसतं सुटले म्हणून नव्हे. मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात मला वाटलं, असेलही बाई, असेल आपल्या पायात काही. दीड वर्षाचं ट्रेनिंग, नऊ वर्षांची नोकरी, आणि तीनदा पाय लावून मी हुरळले. मामा गाडीत बसले. बुधवार होता, उपकेंद्रात लसीकरणाला चौदा बाया पोरं घेऊन बसल्या होत्या. मी तिकडे गेले.

पाऊण वाजता बंडूचा भाऊ धावत आला तेव्हा माझ्या हातात सिरिंज होती.

चौकट बसली होती. मामांनी स्वतः खांदा दिला होता, ओळंबा लावला होता, पाचर ठोकली होती. नारळ फुटला, त्यांच्या खांद्यावर मिस्त्रीच्या मानाचा टॉवेल पडला, आणि ते नव्या उंबऱ्याशेजारी खाली बसले ते उठलेच नाहीत. मी पोचले तेव्हा शुद्ध होती, पण ओठ निळसर आणि नाडी हाताला धड लागत नव्हती. मी गोळी दातांखाली सरकवली. यावेळी त्यांनी मुकाट्याने चावली.

तालुक्याला पोचायला पाऊण तास लागला. तिथल्या डॉक्टरांनी कार्डिओग्रामची पट्टी बघितली आणि थेट कोल्हापूरला पाठवलं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन शिरेत सुरू झालं तेव्हा साडेतीन वाजून गेले होते.

“दुखायला कधी लागलं?” तिथल्या तरुण डॉक्टरांनी विचारलं.

“सकाळी आठच्या सुमाराला.”

“आठ?” त्यांनी मान वर केली. माझ्या अंगावर अजून गणवेशाची पांढरी साडी होती. “तुम्ही सिस्टर आहात ना?”

“हो.”

“अहो, हे इंजेक्शन पहिल्या दोनतीन तासांत मिळालं तर स्नायू वाचतो. नंतर त्याचा जोर कमी होत जातो. तुम्हाला शंका आली नाही?”

“आली होती.”

“मग इतका वेळ काय केलंत?”

काय सांगणार होते मी? पाय लावला, असं सांगू? “घरगुती उपाय केले,” मी म्हणाले. डॉक्टर नुसते लिहीत राहिले. एक मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं.

मामा वाचले. नऊ दिवसांनी घरी आले. पण सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी झाली, तिच्यात कळलं की हृदयाचा जोर निम्म्याने गेलाय. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, रोजच्या गोळ्या एकही दिवस चुकवायच्या नाहीत, तंबाखू बंद, मीठ कमी, चालणं हळूहळू वाढवायचं आणि जड उचलायचं नाही. पाच किलोच्या वर काही नाही. मामांची पेटी, नुसती हत्यारांची, पंधरा किलोची होती.

आणि वाडी काय म्हणत होती? “पायाळूचा पाय लागला हुता म्हून म्हातारा वाचला.” भेटायला येणारी प्रत्येक बाई माझ्याकडे कौतुकाने बघून हेच म्हणायची. तीनचार दिवस मी समजावलं, की अहो, पायामुळे उशीर झाला, पाय लावला नसता तर ते धडधाकट राहिले असते. “तुजा मोठेपना हाय ह्यो,” हौसाकाकू म्हणाल्या. पुढे मी तोंड बंद केलं. भिंतीवर डोकं आपटून भिंतीला काय होतं?

मामांशी मी धड बोलत नव्हते. गोळ्या वेळेवर द्यायचे, पथ्याचं करून वाढायचे, पण मनातून धुमसत होते. मला पक्कं ठाऊक होतं की ते खोटं बोलले. चौकटीसाठी बोलले. एका दाराच्या चौकटीसाठी, एका टॉवेलसाठी, मिस्त्रीपणाच्या मिजाशीसाठी या माणसाने दिलेला शब्द मोडला आणि अर्धं काळीज घालवलं. वर आता ‘मीठ कमी’ म्हणून ताटावर रुसायचे.

दीड महिना गेला. रोज संध्याकाळी मी त्यांना फिरायला न्यायचे. पहिल्या आठवड्यात अंगणातल्या अंगणात, मग गिरणीपर्यंत, मग ओढ्यापर्यंत. त्या दिवशी ओढ्याच्या अलीकडच्या लहानशा चढावर ते थांबले. श्वास लागला होता. बांधावर टेकले. पलीकडे कुणीतरी लाकूड तासत होतं, त्याचा टक टक आवाज येत होता. मामा मान वळवून ऐकत होते.

“त्येला वाकस धराय येत न्हाई,” ते म्हणाले. “आडवा मारतोय.”

त्यांचा तो चेहरा बघवला नाही आणि माझा बांध फुटला.

“एक विचारू? त्या दिवशी पाय लावल्यावर कळ थांबली होती?”

“कशाला आता ते?”

“थांबली होती का?”

“न्हाई.”

“कमी तरी झाली होती?”

“वाढली हुती. डोळ्यांम्होरं काजवं चमकत हुतं.”

“आणि तरी खोटं बोललात!” मी ओरडले. सासऱ्यावर आवाज चढवायची ती पहिलीच वेळ. “शब्द दिला होता तुम्ही मला. एका चौकटीपायी जीव द्यायला निघाला होता?”

“चौकट?” मामांनी माझ्याकडे वळून बघितलं. त्यांना खरोखरच नवल वाटलेलं दिसत होतं. “चौकट गेली उडत. त्या येळंला मला उभं ऱ्हावत न्हवतं, चौकटीचं कुनाला सुचतंय?”

“मग?”

ते जरा वेळ दम खात बसले.

“पोरी, धापंद्रा बाया हुत्या दारात. त्यांच्याम्होरं तू सासऱ्याच्या अंगाला पाय लावलास. एवढं पाप माज्यासाटी डोस्क्यावर घेतलंस. आनि वर मी म्हनायचं, गुण आला न्हाई? मंग तुला जगू दिलं आसतं का ह्या बायांनी? पापबी लागलं आनि पायबी खोटा पडला, म्हनून जलमभर दात काढलं आसतं. तुज्याकडं परत कोन आलं आसतं? माज्यापायी तुजा पाय खोटा पडू द्यायचा हुता व्हय मी?”

मी बांधावर त्यांच्या शेजारी बसले.

“मामा, तो खोटा पडावा म्हणूनच तर लावला होता.”

त्यांच्या डोक्यात ते हळूहळू उतरत गेलेलं मला दिसलं. त्यांचा हात आपसूक छातीकडे गेला आणि तिथेच राहिला.

“आगं,” ते म्हणाले, “मंग तसं सांगायचं न्हाईस व्हय?”